८४ वर वाजलेला अलार्म : ट्रेलर ओढत फिनिक्स ते ब्राइस

शुक्रवार, चँडलर

उद्या पहाटे फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या घरून निघायचं, म्हणून ट्रेलर संध्याकाळीच पिकअपला जोडून ठेवला. चोवीस फुटी ट्रेलर, दोन अ‍ॅक्सल, चार चाकं, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असूनही दुपारी फिनिक्समध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता. बेत असा आहे: अ‍ॅरिझोनातून उत्तरेला फ्लॅगस्टाफ, मग पेज, तिथून युटामधलं ब्राइस कॅनियन, आणि येताना मार्बल कॅनियनच्या रस्त्याने परत. मी, नवरा, लेक आणि साताऱ्याहून आलेले मामा असे चौघं आहोत. ट्रेलर मागे असला की गाडी बहुतेक मीच चालवते.

मामांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून झाली. चहा झाल्याबरोबर ते चाकाचा पाना घेऊन ट्रेलरपाशी गेले आणि एकेका टायरवर ठोका देऊन कान लावून ऐकायला लागले. मुक्कामाची गाडी आगारात आली की पहिलं काम हेच असायचं. मागच्या जोडचाकांपैकी आतलं बसलं असेल तर आवाज बद्द येतो. या ठोक्यात अर्थ आहेच. पण ८० ऐवजी ६५ हवा असेल तर कान ओळखणार नाही, हे मामांनीच सांगितलं. "त्याला गेजच पाहिजे," म्हणाले. मग त्यांची नजर व्हॉल्व्हवर गेली. "आणि या टोप्या कसल्या गं?"

ही टिपणं मुख्यतः त्या टोप्यांबद्दलच आहेत. प्रत्येक टोपीत हवेचा दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर, एक बटणसेल आणि छोटा रेडिओ आहे. माझ्यासमोरच्या डिस्प्लेवर चारही चाकांचे आकडे दिसतात. ट्रेलरच्या नाकाशी, आतल्या बाजूला, एक रिपीटर बसवला आहे, कारण मागच्या चाकांचा सिग्नल एवढं पत्र्याचं घर आणि पिकअपची केबिन ओलांडून नीट पोचत नाही. व्हॉल्व्हही बदलून धातूचे घेतले आहेत. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांतला दाब) असते आणि आमच्या टायरांत ८० असते. शिवाय टोपीच्या वजनाने रबर हेलकावे खात राहतं.

मामांचा पुढचा प्रश्न बरोबर होता: "एवढं सगळं गाडीतच नसतं का?" पिकअपच्या चाकांना असतं. ट्रेलरच्या चाकांना बहुधा नसतं, आणि कायद्यालाही ते लागत नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. टायरची वरची पट्टी सुटून, मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून, अनेक माणसं मेली होती. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ‘ट्रेड’ (TREAD) हा टायर-सुरक्षेचा कायदा केला, २००५ मध्ये हवेच्या दाबाबद्दलचा अंतिम नियम आला आणि १ सप्टेंबर २००७ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या नव्या गाड्यांना तो लागू झाला. नियम असा आहे की ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी उतरली, तर २० मिनिटांच्या आत चालकाला दिवा दिसलाच पाहिजे. ट्रेलर या नियमाबाहेर आहेत. अलीकडच्या काही फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपना ट्रेलरच्या चाकांचे सेन्सर जोडता येतात, पण ती ऐच्छिक सोय आहे.

वीस मिनिटं म्हणजे ताशी ६० मैलांनी वीस मैल. कारमध्ये तेवढ्या वेळात हाताला काहीतरी जाणवतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये काहीच जाणवत नाही. एक चाक बसलं की त्याच बाजूचं दुसरं चाक सगळा भार उचलतं, ट्रेलर सरळ उभा राहतो आणि पुढे बसलेल्याला पत्ता लागत नाही. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि शेवटी पट्टी सुटते. नंतर दुप्पट भाराखालच्या जोडीदाराचीही तीच गत होते. ट्रेलरच्या चाकाची बातमी किती लवकर मिळते, याला मी एवढं महत्त्व देते ते यामुळेच.

आमच्या डिस्प्लेवर मी खालची मर्यादा १५ टक्के ठेवली आहे, म्हणजे ६८ ला अलार्म वाजेल. वरची मर्यादा १००. तापमानाची १५८ अंश (या टिपणांतले सगळे अंश फॅरनहाइट). तिसरा अलार्म कुठल्याही मर्यादेला बांधलेला नाही: काही सेकंदांत दोन-तीन पीएसआय उतरले की सेन्सर नेहमीची वेळ न पाहता लगेच संदेश पाठवतो. एरवी तो दर काही मिनिटांनी एकदा बोलतो.

शनिवार, चँडलर ते फ्लॅगस्टाफ

सूर्य उगवायच्या आत, टायर थंड असताना, चारही चाकांत ८० भरली. बाहेर ८२ अंश होते. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर ८० लिहिलंय म्हणून ८०. वाटेत ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. ट्रेलरच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून सहा हजार पौंडांच्या थोडं वर, म्हणजे दर टायरला पंधराशेच्या आसपास. टायरची क्षमता २,८३० ची आहे. पाण्याची टाकी भरलेली असूनही एवढं अंतर राखलेलं मामांना आवडलं. ओव्हरलोड हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो.

आय-१७ वर ब्लॅक कॅनियन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत दमदार चढ लागतो. नंतर व्हर्डे नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि पुन्हा फ्लॅगस्टाफकडे चढायचं. फिनिक्स अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजारांवर. अर्ध्या वाटेवरच सागुआरो निवडुंग संपतात आणि फ्लॅगस्टाफच्या आधी पाइनचं जंगल सुरू होतं. महामार्गाची मर्यादा ७५ ची असली तरी मी ६२ च्या वर जात नाही. ट्रेलरच्या टायरांवर वेगाचं अक्षर छापलेलं असतं आणि जुन्या टायरांची मर्यादा ६५ मैलच धरतात.

मामांनी वही काढली आणि दर अर्ध्या तासाने चार आकडे लिहायला लागले. तासाभरात डावी चाकं ९० वर स्थिरावली. सकाळी उत्तरेला जाताना ऊन उजव्या अंगाला असतं, त्या बाजूची चाकं दोन-तीन पीएसआयने जास्त दाखवतात. उजवं मागचं ९३ झालंही. उजवं पुढचं मात्र ९० च्या वर जाईना.

"हे पोरगं उन्हात असून गार कसं?" मामा म्हणाले. मी म्हटलं, लिहून ठेवा.

डिस्प्ले हिरवा होता. नव्वदचा टायर आणि अडुसष्टचा अलार्म यांच्यामध्ये बावीस पीएसआयचं अंतर आहे. हवा हळूहळू जात असेल तर दिवसा टायर तापल्याने वाढलेला दाब ती गळती झाकून टाकतो. मंद गळतीत अलार्म चालकाच्या कामाला उशिरा येतो. चार आकड्यांमधला फरक त्याच्या कितीतरी आधी बोलतो. मामांच्या वहीत हे पहिल्याच सकाळी दिसलं.

संध्याकाळी फ्लॅगस्टाफला स्वेटर निघाले. १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला तो इथल्या लॉवेल वेधशाळेत. गावाने रात्रीचे दिवे जाणीवपूर्वक मंद ठेवले आहेत. लेकीला आकाशगंगा दाखवली आणि लवकर झोपलो.

रविवार, फ्लॅगस्टाफ ते पेज

पहाटे ४२ अंश. तीन टायर ७६, उजवं पुढचं ७३.

मामांना आधी प्रश्न पडला की काल ८० भरलेली हवा सगळ्याच चाकांत कमी कशी झाली. थंडीमुळे. आमच्या टायरांत दर दहा अंशांना साधारण पावणेदोन पीएसआय जातात. चाळीस अंश उतरले म्हणजे सात. पण त्यातले अडीच-तीन उंचीने परत दिले. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक. वर चढलं की बाहेरची हवा विरळ होते, फरक वाढतो, ढोबळमानाने दर हजार फुटांना अर्धा पीएसआय. म्हणून ७६ हा तिथला निरोगी आकडा होता आणि ७३ नव्हता. छोट्या कंप्रेसरने तेही ७६ केलं. टायरवर खिळा, काच काही दिसली नाही. एका रात्रीवरून निदान करायचं नाही असं ठरलं.

रूट ८९ वर फ्लॅगस्टाफ सोडलं की झाडं मागे पडतात आणि नवाहो लोकांचा प्रदेश सुरू होतो. फोनचं घड्याळ एकदम तासाने पुढे गेलं. अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, नवाहो प्रदेशात पाळतात. पेज गावात पुन्हा अ‍ॅरिझोनाची वेळ. कॅमेरनच्या १९१६ पासूनच्या ट्रेडिंग पोस्टवर जेवलो. तळलेल्या जाड रोटीवर राजमा, खिमा, चीज असा नवाहो टाको. मामांनी खिमा वगळून घेतला आणि ती रोटी भटुऱ्याची बहीण आहे असं जाहीर केलं.

पुढचा रस्ता सुंदर आहे आणि एकाकी आहे. डावीकडे सपाट रंगीत वाळवंट, उजवीकडे एको क्लिफ्सची लाल भिंत, मैलोन्मैल फोनला रेंज नाही. पेजच्या अलीकडचा कडा २०१३ च्या फेब्रुवारीत खचला, रस्ता फुटला आणि दोन वर्षं बंद होता. तो चढताना मी मुद्दाम डिस्प्लेकडे पाहिलं नाही, आकडे मामा वाचत होते: एक्क्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव, नव्वद. अशा रस्त्यावर चालकाने आकडे वाचत बसू नये, शेजारी बसणाऱ्याने वाचावेत.

लेक पॉवेलच्या काठी वाहवीपला मुक्काम केला. पाण्याची पातळी पूर्वी कुठवर होती ते कड्यांवरचा पांढरा पट्टा सांगतो.

सोमवार, पेज ते ब्राइस

पहाटे ६२ अंश. तीन टायर ७८, उजवं पुढचं ७५. पुन्हा तीन.

मामांनी एका वाटीत भांडी घासायचा साबण पाण्यात कालवला आणि बोटाने फेस टायरभर लावत गेले. नक्षीत काही नाही, कडेला काही नाही, रिमच्या सांध्यावर काही नाही. शेवटी व्हॉल्व्हवर आले. टोपीच्या मुळाशी फेसाचा एक दाणा आला, मोहरीएवढा, फुगला, फुटला. पुन्हा आला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. लेकीने फुटायला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली.

गळती सेन्सरच्याच बुडाशी होती. टोपीचा सेन्सर हवा मोजतो ती व्हॉल्व्हची पिन आत दाबून. म्हणजे टोपी लावल्या क्षणापासून टायरची हवा व्हॉल्व्हने नव्हे, टोपीतल्या रबरी वायसरने धरून ठेवलेली असते. तो वायसर एका बाजूने चेपून कडक झाला होता. संचाबरोबर जादा वायसर आलेले होते. मामांनी बदलला, टोपी हाताने घट्ट केली, पुन्हा फेस लावला आणि तो स्तब्ध राहिला.

नुसत्या अलार्मच्या भरवशावर ही गळती कधी कळली असती, याचा हिशेब मामांनी वहीत मांडला. हवा न भरता गेलो असतो तर रोज तीन-तीन कमी होत उद्या ब्राइसच्या थंडीत आकडा ६८ च्या खाली गेला असता. म्हणजे घर सोडल्यानंतर तीन रात्रींनी, तोही पहाटे, ट्रेलर उभा असताना. काही संचांचे सेन्सर तर चाक फिरल्याशिवाय जागेच होत नाहीत. तिथे तेवढंही कळलं नसतं, आणि दुपारी तापलेला तोच टायर पुन्हा ८० च्या वर दिसला असता. आमचा संच उभ्या गाडीतही बोलतो. विकत घेताना हे विचारून घ्यावं असं मला वाटतं, किंमत आणि डिस्प्लेच्या रंगाच्या आधी.

ग्लेन कॅनियन धरणावर थांबलो. ७१० फूट उंच काँक्रीटची कमान. कोयनेच्या अंगणातले असल्याने मामांना धरणाचं कौतुक जास्त. ते खाली टर्बाइनच्या इमारतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग कनाब, माउंट कार्मेल, आणि रूट १२ वर लाल दगडातून कोरलेले दोन छोटे बोगदे. चारही आकडे दिवसभर एकमेकांच्या बरोबरीने चालले.

मंगळवार, ब्राइस

आज गाडी हलवली नाही.

पहाटे ३६ अंश. तीन चाकं ७५, आणि डाव्या मागच्याच्या जागी आकड्याऐवजी नुसती रेघ. हातातल्या गेजने ७५ दाखवले. सेलने थंडीत मान टाकली होती. नवा सीआर१६३२ घातला, आकडा आला. रेघ दिसली हे उत्तम झालं. कित्येक डिस्प्ले सिग्नल तुटल्यावरही शेवटचा आलेला आकडा बराच वेळ तसाच दाखवत राहतात आणि सेन्सर हरवल्याचं उशिराने सांगतात. अशा वेळी समोर दिसणारे ९० हे आत्ताचे आहेत की अर्ध्या तासापूर्वीचे, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

ब्राइसबद्दल लिहायला मला दुसरा लेख लागेल. कड्यावर उभं राहिलं की खाली केशरी, गुलाबी, पांढऱ्या दगडांचे हजारो सुळके, दाटीवाटीने. दिवसा वितळलेलं पाणी रात्री फटीत गोठतं, फुगतं, दगड फोडतं. त्यातून हे घडलं आणि अजून घडतंय. मामा नवाहो लूपच्या वळणावळणांनी खाली उतरले आणि न थांबता वर आले. आठ हजार फुटांवर, त्यांच्या वयात.

दुपारी कॅम्पग्राउंडवर शेजारच्या ट्रेलरपाशी नवरा मदतीला गेला होता, मीही गेले. उजव्या चाकावरचा पत्रा आतून बाहेर फाकलेला, आतली पाण्याची नळी तुटलेली, दिव्यांच्या तारा लोंबत होत्या. टायरची सुटलेली पट्टी चाकाबरोबर फिरत राहिली आणि प्रत्येक फेऱ्याला आतून चाबकासारखी बसत गेली. त्या जोडप्याला काही कळलं नव्हतं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हेडलाइट मारून मारून थांबवलं. आमच्या टोप्यांसारखा हवेचा मॉनिटर नव्हता. बाई शांतपणे एकेक गोष्ट दाखवत होत्या, पण त्यांचा हात थरथरत होता.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. टायरची पट्टी आतून सुटत असेल आणि हवा मात्र शेवटपर्यंत पूर्ण असेल, तर कुठलाही मॉनिटर ते आधी सांगू शकत नाही. टोपीला व्हॉल्व्हपाशी जाणवतं तेवढंच तापमान ती सांगते. रस्त्याला लागणारं रबर त्याहून गरम असतं. म्हणून टायरच्या वयाकडे बघायचं: बाजूच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. शेजाऱ्यांच्या उरलेल्या टायरांवर नवऱ्याने ते शोधून दाखवले. नक्षी नव्यासारखी होती, पण टायर जुने होते.

बुधवार, ब्राइस ते लीज फेरी

परतीला कनाबपासून रूट ८९-ए घेतला. फ्रेडोनियाहून रस्ता कायबाब पठारावर चढतो, जेकब लेकला पाइनच्या जंगलात पोचतो आणि पलीकडे वळणावळणाने काही हजार फूट खाली हाउस रॉक व्हॅलीत उतरतो. उतारावर मी खालच्या गिअरमध्ये होते. ट्रेलरच्या ब्रेकचा ताप ड्रमवरून रिमला आणि रिमवरून व्हॉल्व्हला पोचतो, त्यामुळे तापमानाचे आकडेही वर सरकतात. चारही सारखे चढले तर ठीक. एकच पुढे पळत असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गरम होतंय असं समजायचं. मामा चारही वाचत होते, फरक दोन-तीन अंशांचा होता.

खाली आलो. उत्तरेला व्हर्मिलियन क्लिफ्सची लांबलचक भिंत, पुढे बाणासारखा सरळ दुपदरी रस्ता. साठचा वेग. चारही चाकं नव्वदच्या आसपास.

डिस्प्ले किंचाळला. उजवं मागचं, लाल, ८४.

"चौऱ्याऐंशी," मामा म्हणाले. माझ्या हातात स्टिअरिंग जसं होतं तसंच होतं. आरशात ट्रेलर सरळ. पिकअपचा स्वतःचा दिवा अर्थातच गप्प. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, पिकअपचा ब्रेक दाबला नाही, धोक्याचे दिवे लावले आणि ट्रेलरच्या ब्रेकची हातातली कळ हळू ओढली. "एकोणऐंशी... चौऱ्याहत्तर... अगं, भराभर चाललंय." रस्त्याच्या कडेला मऊ वाळू होती, तिथे चाक रुतलं असतं. थोडं पुढे खडीचा रुंद सपाट तुकडा दिसला. तिथे उभी केली तेव्हा ६१. दार उघडल्याबरोबर फुसकारा ऐकू आला. दोन-तीन मिनिटांत टायर रिमवर बसला.

अलार्मपासून थांबेपर्यंत पाऊण मिनिटही गेलं नसेल. अलार्म वाजला तेव्हा टायरमध्ये सकाळी थंडीत भरायच्या आकड्यापेक्षाही जास्त हवा होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ८४ ला कुठलीही टक्केवारीची मर्यादा हलली नसती. माझी १५ टक्क्यांची मर्यादा आणखी अर्ध्या मिनिटाने वाजली असती. कारचा २५ टक्क्यांचा नियम ६० ला लागू झाला असता आणि पुढे वीस मिनिटांची मुभा. आणि सेन्सर फक्त ठरलेल्या वेळीच बोलणारा असता तर? पाच मिनिटं म्हणजे पाच मैल; तोवर बसलेला टायर फाटून काल पाहिलेल्या पत्र्यासारखं काहीतरी झालं असतं. साठच्या वेगात गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. जलद गळतीचा वेगळा अलार्म ज्यात नाही असा संच मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

चाक बदलायचं काम मामांनी हातात घेतलं. जॅक काढलाच नाही. पुढच्या चांगल्या चाकासमोर ट्रेलर समतल करायचा उतरता ठोकळा ठेवला, नट जमिनीवरच सैल केले, मी हातभर पुढे घेतलं. पुढचं चाक ठोकळ्यावर चढलं, बसलेलं अधांतरी आलं. स्टेपनी चढवली, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. टोपी नव्या चाकावर लावली. पंक्चर टायर उलटा करून मामांनी बोट ठेवलं: नक्षीच्या कडेला, भिंतीच्या अगदी जवळ, बोटभर लोखंडाचा तुटका तुकडा आरपार घुसला होता.

हे चाललेलं असताना लेक ओरडली. कड्याच्या बाजूने काळा प्रचंड पक्षी येत होता, पंख न हलवता. कॅलिफोर्निया कॉन्डोर. नामशेष होता होता वाचवलेले हे पक्षी १९९६ पासून याच कड्यांवरून सोडतात. पंखावरची क्रमांकाची पट्टी दिसली, आकडा वाचता आला नाही. मामा पाना हातात धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

नव्याने बसवलेल्या चाकाचे नट थोडं अंतर चालवून पुन्हा बघावे लागतात. ते नवाहो ब्रिजपाशी पाहिले. कोलोरॅडोवरचा १९२९ चा जुना पूल आता पायी चालणाऱ्यांसाठी आहे, गाड्या शेजारच्या १९९५ च्या पुलावरून जातात. जुन्या पुलावरून साडेचारशेहून जास्त फूट खाली हिरवं पाणी दिसतं. मुक्काम लीज फेरीला, नदीकाठी.

गुरुवार, लीज फेरी ते चँडलर

स्टेपनीशिवाय आय-१७ चा उतार उतरायचा नाही, म्हणून फ्लॅगस्टाफला टायरच्या दुकानात थांबलो. तिथल्या माणसाने पंक्चर टायर रिमवरून सोडवला आणि आत दिवा धरून मामांना जवळ बोलावलं. कमी हवेवर पळालेल्या टायरच्या आत काळी रबराची भुकटी सापडते आणि भिंतीवर गोल सुरकुती पडते. इथे भुकटी नव्हती, सुरकुती नव्हती; आतलं अस्तर गुळगुळीत होतं. तरी टायर गेलाच. भोक भिंतीच्या फार जवळ होतं आणि दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या भागात करतात. शेजारचं चाक, ज्याने त्या पाऊण मिनिटात जादा भार उचलला, तेही उतरवून तपासलं. त्याला काही झालं नव्हतं.

नव्या टायरमध्ये हवा इथे, सात हजार फुटांवर भरली आणि बाकीची घरी भरलेली. चार आकडे एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर हे चालणार नाही. म्हणून टायर गार होईपर्यंत दुकानासमोर जेवून घेतलं आणि मग चारही एकसारखे करून घेतले. मामांनी वहीत रेघ मारून नवीन रकाना सुरू केला.

व्हर्डे खोऱ्याच्या उतारावर त्यांनी विचारलं, "एसटीच्या मागच्या जोडचाकाला या टोप्या बसतील?" बाहेरच्या चाकाला बसतील. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. तिथे टोपीऐवजी रिमला आतून पट्ट्याने बांधायचा सेन्सर लागतो, टायर चढवायच्या आधी. मामा म्हणाले, आतलं चाकच तर कळत नाही, तिथेच ठोके मारण्यात आमची रात्र जायची. मग त्या पट्ट्याचं चित्र काढून दे म्हणाले, घरी गेल्यावर.

ब्लॅक कॅनियन सिटीला ऊन पुन्हा शंभरच्या वर होतं. ब्याण्णव, ब्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव. पश्चिमेकडून येणारं ऊन उजव्या चाकांवर होतं.